न्हायची माती आणि हॉलंडचं कार्ड

परवा नातवाच्या वयाचा एक मुलगा मला भेटायला आला. रसायनशास्त्रात संशोधन करतो, गुणी आहे, फक्त घाई फार. चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, तुमचा इंडेक्स किती?" मी म्हटलं, "कशाचा रे बाबा? साखरेचा की बीपीचा?" मग त्यानं मला समजावलं. आपण किती निबंध लिहिले, इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा किती वेळा उल्लेख केला, यावरून म्हणे हल्ली यंत्र माणसाचा आकडा काढतं. त्यानं फोनवर माझं नाव घालून आकडा काढलासुद्धा. तो इतका किरकोळ निघाला की पोराला माझी दया आली आणि इतका वेळ नको नको म्हणत असलेला दुसरा लाडू त्यानं मुकाट्यानं उचलला.

मला मात्र हसू आवरेना. "आमच्या वेळी आकडा टपालानं यायचा," असं म्हणून मी त्याला हॉलंडची गोष्ट सांगायला घेतली, तर हा अर्ध्यावर उठून बसस्टँडकडे पळाला. म्हणून इथे लिहिते. तुम्ही तरी बसा.

साठ सालानंतरची काही वर्षं मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. तेव्हा झेरॉक्स नव्हतं. जगात कुणाला आपला निबंध हवा असेल तर तो एक छापील कार्ड पाठवायचा: महोदय, आपल्या अमुक निबंधाची एक प्रत पाठवल्यास आभारी होईन. रिकाम्या जागेत निबंधाचं नाव हातानं लिहिलेलं. नियतकालिक आपल्याला आपल्याच निबंधाच्या थोड्या सुट्या प्रती देत असे, त्यातली एक पाकिटात घालून पाठवायची. बस्स. पण त्या कार्डाची काय वट होती! आमचे विभागप्रमुख मूळचे पुण्याचे, स्वभावानं मऊ, पण कार्डांच्या बाबतीत हावरट. जपान, पोलंड, ब्राझील, जिथून जिथून त्यांना कार्डं आली ती सगळी त्यांनी टेबलाच्या काचेखाली लावली होती. कुणी भेटायला आलं की फाइल शोधायचं निमित्त करून ते काचेवरचे कागद बाजूला सारायचे. आम्ही सगळे ओळखून होतो, आणि पाहुण्याआधी आम्हीच "अरे वा!" म्हणायचो.

माझ्या टेबलाला काच नव्हती, आणि कार्डही नव्हतं.

माझं काम सरकीच्या तेलावरचं. आमच्या वऱ्हाडात कापूस पिकतो, म्हणजे सरकी आलीच, आणि सरकीचं कच्चं तेल असतं तांबडंकाळं. पाहूनच जेवावंसं वाटत नाही. त्याचा रंग काढायला एक खास माती लागते आणि ती तेव्हा परदेशातून यायची. माझा शोध एवढाच की आपल्या पायाखालची काळी माती तेच काम करते. आम्लात उकळून घेतली तर तेल चांगलं पिवळंधमक होतं, आणि नुसती गाळून वाळवून घेतली तरी तांबडेपणा पुष्कळ उतरतो. यावर मला डॉक्टरेट मिळाली. पण ही कल्पना सुचली कशी, ते मी प्रबंधात लिहिलं नव्हतं.

ती सुचली न्हाणीत. माझी माय हिवरखेडकडची. तिकडच्या नाल्याच्या काठची माती ती दर वर्षी आणायची, भिजत घालायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून तळाचे खडे टाकून द्यायची, आणि निवळून खाली बसलेला लोण्यासारखा गाळ उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवायची. ही आमची न्हायची माती. दर रविवारी ती माझं डोकं दोन गुडघ्यांत धरून त्या मातीनं असं खसाखसा चोळायची की आठवड्याचं तेल निघायचंच, सोबत थोडी अक्कलही निघते की काय अशी मला भीती वाटे. एम.एस्सी. झाल्यावरही हा कार्यक्रम चालू होता. अशाच एका रविवारी डोळ्यांत माती गेलेली असताना मला वाटलं, ही केसांतलं तेल ओढते, मग तेलातला रंग का ओढणार नाही? मी तशीच ओल्या केसांनी उठले. मायनं पाठीत धपाटा घातला आणि पुन्हा खाली बसवलं.

आता मायचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. हा नियम सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण माय तो पाळायची तसा पाळलेला मी कुठे पाहिला नाही, आणि त्यामागं कारण होतं. तिच्या गावात आमच्या घरचं भांडं दुसऱ्या कुणाच्या चुलीपर्यंत जातच नव्हतं, तर ते परत यायचं कुठून? वडील अकोल्याला रेल्वेत खलाशी झाले, आम्ही क्वार्टरमध्ये राहायला आलो, आणि एके दिवशी शेजारच्या काकूंनी, चांगल्या शेतीवाडीच्या घरातल्या बाईनं, पुरणाची वाटी पाठवली. माय ती वाटी हातात घेऊन किती तरी वेळ ओट्यापाशी उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं ती शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून परत केली, आणि काकूंनी त्यातला एक लाडू तिच्यासमोर, उभ्याउभ्या तोंडात टाकला. त्या दिवसापासून दोन्ही घरांतून ती वाटी अशी फिरत राहिली की शेवटी ती कुणाची हे कुणालाच आठवेना. छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या घरातले देव पूर्णा नदीत गेले. हा नियम मात्र राहिला.

वडील वारल्यावर माय माझ्याकडे अमरावतीला आली. माझा निबंध छापून आला होता आणि मी रोज टपालाची वाट पाहत होते. मायही पाहायची. "आलं का व तुह्यं कार्ड?" असं ती मी दारात पाऊल टाकताच विचारायची. जावयाबद्दल विचारायचं तिनं सोडून दिलं होतं, एवढं ते कार्ड तिच्या मनात भरलं होतं.

त्याच सुमारास एक मुलगी माझ्यामागं लागली. माझीच विद्यार्थिनी, एम.एस्सी.ला फार छान गुण मिळवलेले, हात असा स्थिर की ब्युरेटमधून एक थेंब मागावा आणि तिनं एकच द्यावा. तिला माझ्याच हाताखाली संशोधन करायचं होतं. तिचे वडील एकदा मला स्पष्टच सांगून गेले, "बाई, नागपूरले नाई पाठवत. तुमच्यापाशी इथी शिकत असन तर शिकू द्या, नाई तं या उन्हाळ्यात तिचं लगन करून टाकतो." माझ्यापाशी शिकायचं तर नागपूर विद्यापीठानं मला मार्गदर्शक म्हणून मान्यता द्यायला हवी होती. अर्ज केला. तेव्हा कळलं की समितीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या कामाची कुणी दखल घेतली आहे का? सर आपल्या काचेकडे पाहत हळूच म्हणाले, "बाई, एखादं जरी कार्ड आलं ना, तर मी जोर लावीन."

आणि आलं! हॉलंडहून, एका तेलशास्त्रज्ञाचं. मी ते कार्ड आधी स्टाफरूममध्ये फिरवलं, मग प्रयोगशाळेत, मग उगाचच फिजिक्सवाल्यांकडे काही तरी मागायला गेले आणि तिथे विसरून आले, म्हणजे त्यांना वाचता यावं. संध्याकाळी निबंधाची प्रत पाकिटात घालून घरी आणली. सकाळी पोस्टात टाकायची होती.

"काय हाये त्या पाकिटात?" मायनं विचारलं.

"निबंध. हॉलंडच्या मानसानं मांगतला."

"अन् तू त्याले नुस्ता कागद पाठवून राहिली?"

"माय, त्यानं कागदच मांगतला."

"मांगनारा लाजून कमीच मांगत असते. त्याचं कार्ड आपल्या घरी आलं. हात हालवत कसं जाऊ द्याव त्याले?"

मी तासभर भांडले. पापड पाठवू या इथपासून सुरुवात झाली होती. शेवटी तोडगा निघाला: निबंध मातीवरचा, तर थोडी मातीच पाठवावी. मलाही ते पटलं, त्याला वाटलं तर करून पाहील. मायनं माझ्या जुन्या परकराच्या कापडाची वीतभर पिशवी शिवली, डब्यातली न्हायची माती माझ्यासमोर तीत भरली आणि तोंड धाग्यानं टाचलं. सकाळी मी पाकीट पोस्टात टाकून आले आणि निश्चिंत झाले.

काही महिन्यांनी हॉलंडहून उत्तर आलं. या वेळी कार्ड नव्हतं, पत्र होतं. त्यानं लिहिलं होतं, आपण मातीचा नमुना पाठवलात, फार सौजन्य दाखवलंत. मी ती आम्लात न उकळता, आहे तशी वापरून पाहिली. रंगाबाबत आपण म्हणता तसंच झालं. मात्र तेलाला नंतर एक अतिशय मोहक सुगंध येत आहे. आमच्या प्रयोगशाळेत सगळे येऊन वास घेऊन जातात. आपल्या निबंधात याचा उल्लेख नाही. हा आपल्याकडच्या मातीचा गुणधर्म आहे काय?

माझ्या पायाखालची ती सुप्रसिद्ध काळी माती सरकली. खायच्या तेलाला वास! हे जर त्यानं छापलं असतं तर माझा निबंध म्हणजे विनोदच ठरला असता, समिती महिन्यावर आलेली, आणि त्या पोरीचं लगीन ठरल्यातच जमा. मी तिरीमिरीत घरी गेले. माय ओट्यावर ज्वारी निवडत होती.

"माय, त्या पिशवीत काय घातलं होतं तू?"

"माती."

"अन्?"

ज्वारीतला एक खडा वेचत ती म्हणाली, "तू आंघोयीले गेल्ती तवा टाके उसवले मी. चिमूटभर कचोरा घातला, जरासा नागरमोथा. दिवाळीच्या मातीत घालतो तसा."

"कावून पन? कावून?"

"पाहुन्याले साधी माती देते का कोनी?"

मी कपाळाला हात लावला. मग तिच्याकडे पाहिलं. ती खरोखरच गोंधळली होती, आपलं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं. मला डोळ्यांसमोर तो हॉलंडचा गंभीर माणूस आणि त्याचे सहकारी दिसले, सरकीच्या तेलावर वाकून आमच्या दिवाळीच्या न्हाणीचा वास घेताना, आणि मी जी हसायला लागले ती ज्वारीवर आडवी झाले. मायही हसली. का ते तिला नंतर कळलं, तेव्हा ती दुसऱ्यांदा हसली.

सरांना सांगितलं तर ते घाबरले. "बाई, हे असं काही लिहू नका हो. नमुना दूषित झाला, एवढंच कळवा. आईचं, कचोऱ्याचं वगैरे कशाला? हसतील ते." मी म्हटलं, "हसू द्या. आम्हीपण हसलो." मी जसं घडलं तसं लिहिलं. की ही माती माझ्या आईनं निवळलेली आहे, आमच्याकडे भांडं रिकामं पाठवत नाहीत, आणि पाहुण्याला साधी माती देणं तिला बरं वाटलं नाही. सोबत त्याच डब्यातल्या मातीची दुसरी पिशवी पाठवली, या वेळी टाके मी स्वतः घातले आणि पाकीट उशाशी घेऊन झोपले. मायचं तोंड दोन दिवस फुगलेलं होतं. "साधीच पाठवली," असं ती शेजारणीला सांगत होती, जणू मी पाहुण्याला चहाही विचारला नाही.

मग काहीच नाही. समितीचा दिवस एकदा पुढं ढकलला गेला, मी मनात टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा ढकलला गेला. असं करत वर्ष उलटलं, मुलीच्या वडिलांना मी कसंबसं आणखी एका उन्हाळ्यापर्यंत थांबवलं. तिसऱ्यांदा तारीख पक्की झाली, तरी हॉलंड गप्पच. मुलीच्या वडिलांनी पाहुणे पाहायला बोलावले होते, मुलीनं मला ते प्रयोगशाळेत भांडी धुता धुता सांगितलं.

नागपूरला जायच्या सकाळीच टपालवाला एक जाडसं पुडकं घेऊन आला. मी उभ्याउभ्याच ते फाडलं. आत निबंधाची सुटी प्रत होती, त्याची. बस चुकेल म्हणून पुडकं मायच्या हातात देऊन मी प्रत घेऊन धावले आणि बसमध्ये बसल्यावर वाचलं. त्यानं माझं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा केलं होतं, साध्या मातीनं आणि आम्लात उकळलेल्या मातीनं, आणि आकडे माझ्या आकड्यांशी जुळले होते. शेवटी आभार होते. ते वाचून मी इतक्या मोठ्यानं हसले की कंडक्टरनं मागे वळून पाहिलं.

समितीत तिघं होते. ठरलेला प्रश्न आला. मी म्हटलं, एक कार्ड, आणि हा निबंध. एक गृहस्थ म्हणाले, "एकच?" मी वऱ्हाडातली, मला राग यायला वेळ लागत नाही. पण त्याआधीच अध्यक्षांनी, एका म्हाताऱ्या, जाड भिंगांच्या प्राध्यापकांनी, प्रत ओढून घेतली आणि उलट्या बाजूनं, म्हणजे शेवटापासून वाचायला सुरुवात केली. ते मोठ्यानं वाचू लागले: "मातीचे दोन नमुने पाठवल्याबद्दल मूळ निबंधाच्या लेखिकेच्या आईंचे मनःपूर्वक आभार. प्रयोगासाठी दुसरा नमुना वापरला आहे. पहिला नमुना अधिक सुखद होता."

त्यांनी चष्मा काढला. "हे काय प्रकरण आहे?" मी सगळं सांगितलं, कचोऱ्यासकट. ते तिघंही हसत सुटले, "एकच?" म्हणणारे गृहस्थ सगळ्यांत जास्त. हसणं ओसरल्यावर अध्यक्ष म्हणाले, "मला आजवर पुष्कळ कार्डं आली. प्रती पाठवल्या. पण माझं काम कुणी पुन्हा करून पाहिलं का, ते मला अजून माहीत नाही." मग त्यांनी सही केली आणि कागद पुढं सरकवला.

संध्याकाळी मी अमरावतीला पोचले ती आधी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या वडिलांना सांगितलं, "मान्यता भेटली. पाहुण्यायले नाई म्हनून सांगा." ते आत वळून म्हणाले, "च्या ठेवा व, बाई आल्या." मुलगी दाराआड रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

घरी आले तर माय उंबऱ्यात बसलेली. "झालं का व तुह्यं?"

"झालं, माय! तुह्यं नाव छापलं त्यानं! म्हंजे नाव नाई, पन तूच! साऱ्या जगात तुह्ये आभार मानले!"

"बरं झालं," असं ती म्हणाली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. तिनं पदराखालून हात बाहेर काढला. हातात तिची पिशवी होती, पहिली, माझ्या परकराच्या कापडाची. पुडक्याच्या तळाशी होती, सकाळच्या गडबडीत मी पाहिलीच नव्हती. त्या माणसानं ती धुतली होती, तिच्यात त्यांच्याकडची रंग काढायची माती भरली होती, वर 'तुलनेसाठी' अशी चिठ्ठी लावली होती, आणि तोंड टाचलं होतं, अगदी वेडेवाकडे टाके, कुण्या पुरुषानं घातलेले असावेत असे.

"रिकामी नाई पाठवली त्यानं," माय म्हणाली. "पाह्य. भरून पाठवली."

ते ती ज्या आवाजात म्हणाली तो मी आधी एकदाच ऐकला होता, अकोल्याला, लाडू खाल्लेल्या काकूंकडून ती परत आली तेव्हा. मला रडू फुटलं. सहीनं, दिवसभराच्या हसण्यानं, कशानंच आलं नव्हतं, ते आता आलं. तिच्या गावातून ज्या घराचं भांडं कुठे जात नव्हतं, त्या घरची पिशवी समुद्रापलीकडे जाऊन भरून परत आली होती, आणि तिनं ती दिवसभर मांडीवर घेऊन माझी वाट पाहिली होती. मी तिच्या गळ्यात पडले. तेव्हा तिचे केस माझ्या गालाला लागले. ओले होते.

"माय," मी म्हटलं, "तू न्हायली?"

"कोपरा उसवून जराशी घेतली."

अर्धी! अर्धी पिशवी संपवली होती तिनं. तुलनेसाठी पाठवलेली ती माती, जिच्यावर माझ्या पहिल्या विद्यार्थिनीनं पहिलं काम करायचं होतं. पुढं तिनं उरलेल्या अर्ध्या मातीवरच ते केलं आणि छान केलं.

"कशी हाये मंग?" मी डोळे पुसत विचारलं.

मायनं केसांतून बोटं फिरवली आणि जरा विचार केला. "केस कोरडे पडते. वासपन नाई. बिचाऱ्यापाशी नसन कचोरा." मग ती उठली, कोनाड्यातला डबा काढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "चाल, सुई दे इकडे. आता बारी आपली."